हॅलोविनच्या पेल्यातला झॉम्बी : उसाच्या मळ्यांतून आलेल्या एका रम-कॉकटेलची पार्श्वभूमी

३१ ऑक्टोबरच्या रात्री होणाऱ्या हॅलोविनच्या पार्ट्यांत, कवट्या आणि कोरलेल्या भोपळ्यांच्या सजावटीशेजारी, ‘झॉम्बी’ नावाचे रमचे कॉकटेल हमखास मांडलेले असते, आणि नाव भुताखेताचे असल्याने ते या सणासाठीच तयार झाले असावे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात १९३४ च्या सुमारास हॉलिवूडमधल्या एका छोट्या बारमध्ये हे पेय जन्मले, तेव्हा त्याचा हॅलोविनशी काहीही संबंध नव्हता. त्याचे नाव हैतीतून आले होते आणि त्यातली रम कॅरिबियन बेटांवरून. मृतदेहाला राबवले जाण्याची ती भयकथा आणि ती दारू या दोहोंचे मूळ एकाच जागी, गुलामांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या उसाच्या मळ्यांत, आहे. म्हणूनच या पेयाचा इतिहास समजून घेण्याजोगा आहे.

रमची सुरुवात साखरेच्या टाकाऊ भागापासून झाली. सतराव्या शतकाच्या मध्यास बार्बाडोसमध्ये इंग्रज मळेवाल्यांनी उसाची लागवड वाढवली, तेव्हा साखर वेगळी काढल्यावर उरणाऱ्या काळ्या, चिकट मळीचे करायचे काय हा प्रश्नच होता. ती आंबते आणि आंबल्यावर भट्टीत उकळून तिच्यापासून जहाल मद्य निघते, हे ध्यानात आल्यावर कचऱ्याचा पैसा होऊ लागला. साखर कारखान्याच्या परिसरात वाढलेल्या कोणाही कोल्हापूरकराला किंवा नगरकराला मळीचा तो उग्र, आंबूस वास नवा नाही. १६४७ ते १६५० या काळात बार्बाडोसमध्ये राहिलेल्या रिचर्ड लिगन या इंग्रजाने या मद्याची नोंद ‘किल-डेव्हिल’ या नावाने केली आहे. पुढे प्रत्येक बेटाने आपली तऱ्हा घडवली. जमैकात मळी दीर्घकाळ आंबवून तांब्याच्या भांड्यांत उकळलेली, पिकलेल्या केळ्या-अननसासारखा गंध असणारी जड रम निघू लागली, तर आजच्या गयानातल्या डेमेरारा नदीकाठी काळसर, जळक्या साखरेच्या चवीची रम तयार होऊ लागली. झॉम्बी कॉकटेलमध्ये पुढे या दोन्हींना मानाचे स्थान मिळाले.

फ्रेंचांच्या ताब्यातली सां-दोमिंग ही वसाहत, म्हणजे आजचे हैती, अठराव्या शतकाच्या अखेरीस जगातली सर्वांत श्रीमंत मळेशाही होती, आणि १७८९ च्या सुमारास तेथे सुमारे पाच लाख गुलाम राबत होते. कामाचा भार इतका निर्दय होता की माणसे झपाट्याने मरत आणि त्यांची जागा भरण्यासाठी आफ्रिकेतून सतत नवी माणसे आणली जात. या लोकांच्या व्होडू धर्मपरंपरेत मृत्यूनंतर आत्मा पूर्वजांच्या भूमीकडे, आफ्रिकेकडे, परत जातो अशी श्रद्धा होती, त्यामुळे मरण ही एका अर्थाने सुटका होती. झॉम्बी ही त्या सुटकेचीही नाकारणी आहे. एखादा मांत्रिक मेलेल्या माणसाला थडग्यातून उठवतो, त्याचा आत्मा हिरावून घेतो आणि उरलेल्या देहाला दिवसरात्र शेतात राबवतो, अशी ती कल्पना आहे. आपल्याकडच्या भुताच्या गोष्टींत देह गेलेला असतो आणि अतृप्त आत्मा भटकतो. येथे नेमके उलटे आहे : आत्मा गेलेला आहे आणि देह कामाला जुंपलेला आहे. ज्यांनी गुलामगिरी भोगली त्यांच्या दृष्टीने याहून भयंकर भविष्य दुसरे असूच शकत नव्हते. १७९१ च्या ऑगस्टमध्ये या गुलामांनी उठाव केला, मळे जाळले आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाले. ही कल्पना मात्र लोककथांत टिकून राहिली.

बाहेरच्या जगात ती पोहोचली ती अमेरिकी सैन्याच्या मागोमाग. १९१५ ते १९३४ अशी एकोणीस वर्षे हैती अमेरिकेच्या लष्करी ताब्यात होते, आणि त्यातल्या पहिल्या काही वर्षांत रस्ते बांधण्यासाठी तिथल्या शेतकऱ्यांना वेठीला धरले गेले होते. याच काळात हैतीत गेलेल्या विल्यम सीब्रुक या अमेरिकी लेखकाचे ‘द मॅजिक आयलंड’ हे पुस्तक १९२९ मध्ये निघाले. त्यात १९१८ च्या ऊसतोडणीच्या हंगामातली एक कथा आहे. अमेरिकी साखर कंपनीच्या फडावर एक मुकादम झॉम्बींची टोळी घेऊन येतो आणि त्यांची मजुरी आपल्या खिशात घालतो. झॉम्बींना मीठ चालत नाही, कारण मिठाची चव लागताच त्यांना आपण मेलेले असल्याची जाणीव होते. मुकादमाची बायको दया येऊन त्यांना गोड वड्या देते, वड्यांतल्या दाण्यांना मीठ लागलेले असते, आणि ती सगळी टोळी आपापल्या थडग्यांकडे चालू लागते. ऊसतोडणीच्या टोळ्या आणि मुकादम ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्या मराठी वाचकाला या कथेतला खरा विषय भूत नसून मजुरी आहे हे सांगावे लागणार नाही. १९३२ मध्ये आलेल्या ‘व्हाइट झॉम्बी’ या चित्रपटातही झॉम्बी साखरेचा घाणा फिरवतात, आणि त्यांच्यातला एक जण घाण्यात पडला तरी बाकीचे थांबत नाहीत.

झॉम्बी हा शब्द अशा रीतीने अमेरिकी प्रेक्षकांच्या तोंडी बसत होता, तेवढ्यात ५ डिसेंबर १९३३ रोजी तिथली दारूबंदी उठली. चांगल्या व्हिस्कीला मुरायला वर्षे लागतात, त्यामुळे देशात ती दुर्मीळ होती. कॅरिबियन गोदामांत मात्र मुरलेली रम भरपूर होती आणि ती स्वस्तही होती. अर्नेस्ट रेमंड बोमाँट गँट या १९०७ साली जन्मलेल्या, भटकंती करून आलेल्या तरुणाने हे हेरले आणि हॉलिवूडमध्ये बांबू, मासेमारीची जाळी आणि वाहून आलेल्या लाकडांनी सजवलेला बार काढला. पुढे ‘डॉन द बीचकोंबर’ या नावाने तो बार प्रसिद्ध झाला आणि मालकाने स्वतःचे नावही बदलून डॉन बीच असे घेतले. त्याच्या पेयांचा सांगाडा जुनाच, कॅरिबियन मळेवाल्यांच्या पंचचा होता : आंबट, गोड, जहाल आणि पाणी. त्याची खरी करामत ही की एका पेल्यात तो दोन-तीन निरनिराळ्या रम मिसळत असे आणि त्यांना मसाल्यांची जोड देत असे. रात्रीच्या अमलातून न उतरलेल्या एका गिऱ्हाइकासाठी त्याने हे पेय केले आणि त्या गृहस्थाने नंतर येऊन ‘माझा झॉम्बी झाला’ अशी तक्रार केली, ही नावाची कथा सगळीकडे सांगितली जाते, पण ती दंतकथेच्या पलीकडे धरण्याचे कारण नाही.

१९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात झॉम्बी विकले गेले आणि त्याचे नाव देशभर झाले. कृती मात्र कोणालाच ठाऊक नव्हती, कारण नोकरांनी ती प्रतिस्पर्ध्यांना विकू नये म्हणून डॉनने बाटल्यांवर ‘डॉन्स मिक्स’, ‘स्पाइसेस ४’ अशी सांकेतिक नावे घातली होती आणि पेय बनवणाऱ्यालाही आत काय आहे हे कळत नसे. परिणामी अननस, संत्रे, जर्दाळूची ब्रँडी असे जे हाताला लागेल ते घालून त्याच नावाने हजारो नकला विकल्या गेल्या. जेफ बेरी या अभ्यासकाने जुन्या नोकरांचा माग काढला, एका वाढप्याची १९३७ ची टिपणवही मिळवली आणि त्या सांकेतिक नावांचा उलगडा करून २००७ मध्ये मूळ कृती प्रसिद्ध केली. गूढ ‘स्पाइसेस ४’ म्हणजे दालचिनीचा पाक निघाला.

त्या कृतीनुसार ४५ मिलि मुरलेली जमैकन रम, ४५ मिलि सोनेरी पोर्तोरिकन रम आणि ३० मिलि ७५.५ टक्के मद्यार्काची डेमेरारा रम घ्यावी लागते. त्यात सुमारे २२ मिलि लिंबाचा रस, १५ मिलि फॅलर्नम हा मसालेदार पाक, १५ मिलि डॉन्स मिक्स (दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस आणि एक भाग दालचिनीचा पाक), चमचाभर डाळिंबाचा ग्रेनाडिन पाक, अँगोस्तुरा बिटर्स या कडू अर्काचा शिडकावा आणि बडीशेपेच्या गंधाच्या पर्नो या मद्याचे सहा थेंब जातात. हे सगळे चुरलेल्या बर्फासह पाच सेकंदांहून अधिक घुसळायचे नाही, नाहीतर बर्फाचे पाणी होऊन चव विरते. पर्नोचे ते सहा थेंब वेगळे ओळखू येत नाहीत, पण गाळले तर पेय सपाट लागते. ग्रेपफ्रूटची निवडही इतिहासाला धरून आहे, कारण हे फळ पपनस आणि संत्र्याच्या संकरातून बार्बाडोसमध्येच निपजले. घरी पपनसाचा रस वापरला तर थोडा लिंबाचा रस वाढवावा लागतो. फॅलर्नम हा बार्बाडोसचा पाक लिंबाची साल, आले, लवंग आणि बदाम साखरेच्या पाकात मुरवून आपल्याकडे सहज होतो.

डेमेरारा रमचा एक धागा भारताशीही जुळतो. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपल्यावर मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून १८३८ पासून भारतातून, मुख्यतः भोजपुरी पट्ट्यातून, करारबद्ध मजूर आजच्या गयानाकडे नेले गेले. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत असेच मजूर जात होते, त्यांत कोकणातली मराठी कुटुंबेही होती, आणि त्यांचे वंशज तिथे आजही मराठी समाज म्हणून ओळखले जातात.

या पेल्यात शुद्ध मद्यार्काचे प्रमाण ५८ मिलिच्या आसपास, म्हणजे तीस मिलिच्या साध्या पेगांच्या हिशेबाने जवळपास पाच पेग, भरते, आणि लिंबू-दालचिनीच्या चवीखाली ते जाणवत नाही. डॉन बीच एका गिऱ्हाइकाला दोनपेक्षा अधिक झॉम्बी देत नसे, तो नियम जाहिरातीसाठी असला तरी योग्यच होता. तिन्ही रमच्या मिळून १२० मिलिऐवजी आपल्याकडची ४२.८ टक्क्यांची काळी रम ९० मिलिच घातली तरी पेय पुरेसे जड होते, आणि पाहुण्यांना एकच पेला देणे उत्तम.