दात वयामुळे पडत नाहीत

"वय झालं, आता दात पडायचेच." मराठवाड्यात कुठल्याही गावच्या पारावर बसा, हे ऐकायला मिळतं. ते चूक आहे. केस पिकणं हा वयाचा भाग. दात हलणं हा आजार आहे. तोही बहुतेक वेळा दाताचा नसून त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाचा असतो. किडलेला दात ठणकतो, म्हणून माणूस दवाखाना गाठतो. हिरडीचा आजार मात्र वर्षानुवर्षं दुखतच नाही.

दाताचं मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं. दोघांमध्ये सुमारे ०.२ मिलिमीटरची फट असते आणि तिच्यात असंख्य तंतू ताणलेले असतात. बाजेच्या सुंभावर माणूस तोलला जातो तसा दात या तंतूंवर तोललेला असतो. ज्वारीची कडक भाकरी चावताना बसणारा दाब त्यांच्यामार्फत हाडात पसरतो, आणि त्या दाबामुळेच हाड टिकून राहतं.

आता खरी गंमत. दातांवर रोज जमणारा चिकट थर म्हणजे जिवाणूंची वस्ती. तो साफ झाला नाही, तर लाळेतल्या क्षारांमुळे टणक होतो आणि वस्ती हिरडीखाली सरकते. पण हे जिवाणू हाड खात नाहीत. हाड खातं आपलंच शरीर! हाडात दोन प्रकारच्या पेशी राबत असतात: ऑस्टिओब्लास्ट हाड बांधतात, ऑस्टिओक्लास्ट ते विरघळवतात. हिरडीला सूज आली की तिथल्या संरक्षक पेशी 'रँक-एल' नावाचं प्रथिन जास्त प्रमाणात सोडतात. ते मिळालं की अपरिपक्व पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांचा ऑस्टिओक्लास्ट तयार होतो. तो हाडाला घट्ट चिकटतो, खाली आम्ल सोडतो, खनिज विरघळतं, मग विकरं उरलेलं कोलॅजन हे तंतुमय प्रथिन तोडतात. एरवी 'ऑस्टिओप्रोटेजेरिन' हे दुसरं प्रथिन रँक-एलला पकडून अडवून ठेवतं. सूज टिकली की हा तोल ढळतो. जिवाणूंपासून हाड मागे हटत जातं आणि दात आधाराविना उरतो.

मधुमेहाशी असलेलं नातं इथेच कळतं. रक्तातली जास्तीची साखर प्रथिनांना चिकटते. त्यामुळे सूज भडकते, जखम भरायला वेळ लागतो. उलट बाजूनं, सुजलेल्या हिरडीतली रसायनं रक्तात जाऊन इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. हिरडीवर नीट उपचार केले की एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखरेची सरासरी पातळी दाखवणारा रक्तातला आकडा, सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतं, असं अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं आहे. शुगरच्या प्रत्येक रुग्णाच्या हिरड्या तपासल्या गेल्याच पाहिजेत.

'दात पडले की हार्टअटॅक येतो, विसराळूपणा येतो' अशा मथळ्यांवर मात्र लगेच विश्वास ठेवू नका. संबंध आढळतो, पण तंबाखू, गरिबी आणि मधुमेह यांची मुळं दोन्हीकडे पोचलेली आहेत. एकामुळे दुसरं होतं हे अजून सिद्ध झालेलं नाही. आणि 'वरचा दात काढला की नजर जाते' हे तर निखालस खोटं. दृष्टीची नस वेगळी, वरच्या दातांची वेगळी. या भीतीपायी कित्येक जण पू झालेला दात तोंडात बाळगतात.

आपल्याकडे खरी काळजी मिश्रीची आहे. भाजलेली तंबाखू हिरडीवर घासल्यानं दात साफ होत नाहीत. हिरडी मागे सरते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. बिडी-सिगारेटचा फसवेपणा निराळा. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, हिरडीतून रक्त येणं कमी होतं आणि आजाराची पहिली खूणच झाकली जाते.

दात गेल्यावर त्या जागी दाब पडत नाही, त्यामुळे हाड झिजत राहतं आणि आज घट्ट बसलेली कवळी काही वर्षांत सैल होते. मग ताटातून आधी शेंगदाणे जातात, मग कच्चा कांदा, काकडी, गाजर. उरते भाकरी वरणात कुस्करलेली.