प्रादेशिक चित्रपट निधी : अर्ज करण्याआधी निर्मात्यांनी वाचावं असं माहितीपत्रक

आमच्याकडे आलेला निर्माता खुर्चीत बसता बसता विचारतो, "तिकडचा निधी किती टक्के देतो?" प्रश्न रास्त आहे. बजेटात भोक असतं आणि ते बुजवायची घाई असते. पण टेबलाच्या पलीकडे बसलेला निधीचा अधिकारी दुसराच आकडा शोधत असतो: या चित्रपटाच्या खर्चातला किती पैसा आमच्या भागात पडणार? आम्ही बजेट आणि हिशेब सांभाळणारी छोटी संस्था आहोत. हे दोन आकडे एकमेकांना भेटवणं हेच आमचं रोजचं काम आहे.

हा पैसा कुणाचा

एखादं राज्य किंवा प्रांत आपल्या तिजोरीतून चित्रपटांसाठी जी रक्कम बाजूला काढतो, तो प्रादेशिक निधी. जर्मनीतल्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यात असा निधी १९९१ साली उभा राहिला, राज्य सरकार आणि डब्ल्यूडीआर ही सार्वजनिक वाहिनी यांच्या भागीदारीतून. कोळसा आणि पोलादावर जगलेल्या त्या प्रदेशात खाणी बंद पडत होत्या आणि नवे धंदे हवे होते. फ्रान्समध्ये वेगळी तऱ्हा आहे. तिथे सीएनसी या राष्ट्रीय चित्रपट संस्थेशी करार केलेल्या प्रदेशाने दोन युरो घातले, की सीएनसी त्यात एक युरोची भर घालते. त्यामुळे प्रदेशालाही हात सैल सोडावासा वाटतो.

निधी आणि कर सवलत यांची गल्लत बरेच जण करतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात २००८ पासून पात्र खर्चावर २० टक्के कर सवलत मिळते आणि चित्रपटात राज्याचं बोधचिन्ह दाखवलं तर आणखी १० टक्के. तिथे अटी पाळल्या की हक्क तयार होतो, पटकथा चांगली की वाईट हे कुणी विचारत नाही. निधीत मात्र निवड होते. पटकथा वाचली जाते, दिग्दर्शकाचं आधीचं काम पाहिलं जातं आणि चांगल्या अर्जालाही नकार येतो.

मिळालेली रक्कम प्रत्येक ठिकाणी अनुदान असते असंही नाही. जर्मनीतले राज्यनिधी बहुतेक वेळा सशर्त परतफेडीचं कर्ज देतात: चित्रपट कमावला तर त्या कमाईतून फेडायचं, नाही कमावला तर वसुली थांबते. काही निधी थेट सहनिर्माते होतात आणि उत्पन्नात हिस्सा मागतात. करारातलं वसुलीच्या क्रमाचं, म्हणजे कमाईतून आधी कुणाचे पैसे फेडायचे हे सांगणारं पान म्हणूनच आम्ही ग्राहकासमोर बसून ओळ न् ओळ वाचतो.

दीडपटीचं गणित

नॉर्थ राइन-वेस्टफालिया आणि बव्हेरिया इथे अट साधारण अशी आहे: मिळालेल्या रकमेच्या किमान १५० टक्के खर्च त्या राज्यात झाला पाहिजे. म्हणजे २,००,००० युरो मिळाले, तर ३,००,००० युरोंची बिलं तिथली हवीत. बर्लिन-ब्रांडेनबर्गमध्ये किमान १०० टक्के चालतात. ही अट कितीही ताणता येऊ नये म्हणून युरोपीय आयोगाने २०१३ साली मर्यादा घातली. अनुदानाच्या १६० टक्क्यांपर्यंतचा खर्च आपल्या हद्दीत करायला सांगता येतो, पण कुठल्याही परिस्थितीत एकूण बजेटच्या ८० टक्क्यांहून जास्त नाही.

कागदावर हे सोपं दिसतं. खरी अडचण बिलात असते. आमच्या एका प्रकल्पात जनरेटर स्थानिक विक्रेत्याच्या नावाने लावला होता. तपासणीत निघालं, की त्याने तो दुसऱ्या प्रांतातून भाड्याने आणून पुढे दिला होता. जनरेटर चालवणारा माणूसही तिकडचाच. लेखापरीक्षकाने ते अख्खं बिल स्थानिक खर्चातून काढून टाकलं, प्रादेशिक खर्चाची बेरीज अटीखाली गेली आणि शेवटचा हप्ता कापला गेला. तेव्हापासून आम्ही प्रत्येक मोठ्या बिलावर तीन गोष्टी आधीच तपासतो: विक्रेत्याची कर नोंदणी कुठली, माल किंवा माणूस प्रत्यक्षात कुठून आला आणि काम कुठे झालं.

ट्रोलहॅटनकडे बघा

ही यंत्रणा कशी चालते हे समजून घ्यायला स्वीडनमधल्या ट्रोलहॅटनइतकं चांगलं उदाहरण आम्हाला दुसरं माहीत नाही. साब मोटारींच्या कारखान्यावर जगणारं औद्योगिक गाव. स्वीडिश चित्रपटाचं सगळं बस्तान तेव्हा स्टॉकहोममध्ये होतं. १९९२ मध्ये फिल्म इ वेस्ट हा प्रादेशिक निधी सुरू झाला आणि हळूहळू काम इकडे सरकू लागलं. दिग्दर्शक लार्स फॉन ट्रायरच्या ज्या चित्रपटाला २००० साली कान महोत्सवात पाम द'ओर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तो 'डान्सर इन द डार्क' या निधीच्या सहनिर्मितीतला.

त्याचाच २००३ चा 'डॉगव्हिल' तर प्रत्येक निर्मात्याने या नजरेने पाहावा. कथा अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातल्या खेड्यात घडते. ते खेडं उभं केलं ट्रोलहॅटनमधल्या एका बंद हॉलमध्ये, जमिनीवर पांढऱ्या रेषा आखून. स्वीडनचा एकही डोंगर, एकही रस्ता पडद्यावर नाही. तरी हॉलचं भाडं, सुतार, लाइटमन, कपडेपट, राहण्या-जेवणाचा खर्च स्थानिकच. आमचं लोकेशन तिथलं नाही, मग आम्हाला कोण पैसे देणार, असं म्हणून मागे फिरणाऱ्यांना आम्ही हेच उदाहरण देतो. निसर्ग दिसलाच पाहिजे असं बऱ्याच निधींचं म्हणणं नसतं, माणसांना काम मिळालं पाहिजे असं असतं.

साब कंपनी २०११ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली. चित्रपट काही मोटार कारखान्याइतके हात कामाला लावत नाहीत, तसा दावाही आम्ही करणार नाही. पण तोवर त्या गावात चित्रपटाचं काम जाणणारी माणसं तयार झालेली होती.

बेलफास्टमध्येही काहीसं असंच घडलं. जिथे पूर्वी जहाजांचे भाग रंगवले जात, त्या पेंट हॉलचा स्टुडिओ झाला आणि नॉर्दर्न आयर्लंड स्क्रीन या तिथल्या चित्रपट संस्थेच्या मदतीने 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेचं बरंचसं काम तिथे अनेक वर्षं चाललं. पहिल्या सीझनला हाताखाली शिकणारा पोरगा पुढच्या सीझनला स्वतंत्र जबाबदारी घेऊ शकतो, तो अशा सलग कामामुळे. हॉटेलच्या खोल्या भरल्या हा फायदा युनिट निघून गेलं की संपतो. फोकस पुलर (कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा), साउंड मिक्सर, प्रॉडक्शन अकाउंटंट तयार झाला, तर पुढचा निर्माता सगळं युनिट सोबत घेऊन येत नाही आणि तेवढी मजुरी त्याच भागात राहते. आमच्या मते निधीची खरी कमाई ती.

उलटंही घडतं. मिशिगन राज्याने २००८ मध्ये ४२ टक्क्यांपर्यंतची घसघशीत सवलत जाहीर केली. काम आलंही. पण तिजोरीवर ताण पडला, पुढे कात्री लागली आणि २०१५ मध्ये योजनाच बंद झाली. नुसत्या टक्क्यांना भुलून आलेलं काम टक्के गेले की निघून जातं. म्हणून निधी निवडताना तो किती वर्षं टिकून आहे आणि तिथे कसबी माणसं किती आहेत हे आम्ही टक्केवारीच्या आधी बघतो. कसबी माणसं नसतील तर दीडपट खर्च दाखवायचा कुठे, हा प्रश्न शेवटी तुमच्याच गळ्यात येतो.

वेळेचं भान

परदेशी निर्मात्याला सहसा त्या भागातला सहनिर्माता लागतोच, अर्जही त्याच्याच नावाने जातो. त्याला शोधायला महिने जातात. पैसा हप्त्याहप्त्याने येतो: करारावर सही, शूटिंगची सुरुवात, रफ कट (संकलनाचा पहिला कच्चा खर्डा) आणि शेवटचा हप्ता तपासलेला हिशेब सादर झाल्यावर. मधल्या काळात पगार द्यायला तुमच्या हातात दुसरी रक्कम हवी. आणि अर्जाआधी शूटिंग सुरू केलंत, तर बऱ्याच ठिकाणी अर्ज तिथेच बाद होतो.

पहिल्या भेटीला येताना पटकथा, दिवसवार शेड्यूल आणि बजेट आणा. बजेटात प्रत्येक ओळीपुढे एक जादा रकाना ठेवा: हा खर्च कुठे होणार. माहीत नसेल तिथे रकाना रिकामा सोडा, अंदाजाने भरू नका. ते रिकामे रकाने आपण बरोबर बसून भरू, पण कुठल्याही विक्रेत्याला ॲडव्हान्स देण्याआधी या.