बैठक (व्यायामप्रकार)

बैठक : उभ्या स्थितीतून खुबे, गुडघे व घोटे एकदम दुमडत उकिडवे बसणे आणि हाताचा टेका न घेता पुन्हा सरळ उभे राहणे, ही क्रिया लयीत वारंवार करण्याचा व्यायाम. महाराष्ट्रातील तालमींत या शब्दाचा उच्चार सहसा एकटा होत नाही. ‘जोर-बैठका’ हे जोडनावच रूढ असून त्यांपैकी जोर हा छाती, खांदे व दंड यांसाठी, तर बैठक ही मांड्या, नितंब व पोटऱ्या यांसाठी मानली जाते. रोजच्या जगण्यात शरीराला ज्या हालचाली कराव्याच लागतात त्यांचाच सराव व्यायाम म्हणून करण्याच्या ज्या पद्धतीला आज फंक्शनल ट्रेनिंग म्हणतात, तिच्यात या क्रियेला मध्यवर्ती स्थान आहे. आधुनिक व्यायामशाळांत ती स्क्वॉट या नावाने शिकवली जाते. जमिनीवर बसून जेवणाऱ्या, धान्य निवडणाऱ्या, सारवणाऱ्या घरांत ही हालचाल मुद्दाम करण्याची गरज फारशी पडत नसे. ओटा, खुर्ची आणि कमोड यांनी ती दिवसातून काढून घेतल्यावर तिचे मोल नव्याने ध्यानात आले.

व्युत्पत्ती व प्राचीनता : ‘बैठक’ हा शब्द संस्कृत ‘उपविष्ट’ व त्यावरून झालेल्या प्राकृत ‘बइट्ठ’ या रूपाशी जोडला जातो. मराठीत मात्र बसण्याच्या क्रियेसाठी ‘बसणे’ हेच धातुरूप चालते, आणि याच व्यायामासारख्या हालचालीला ‘उठाबशा’ असे अस्सल मराठी नावही आहे. असे असता व्यायामाला ‘बैठक’ हे नाव का मिळाले, याविषयी दोन प्रकारे विचार करता येतो. सभा, बसण्याची जागा, आसन या अर्थांनी हा शब्द मराठीत आधीपासून आहेच, त्याचाच अर्थविस्तार होऊन व्यायामाचे नाव पडले असे म्हणता येते. किंवा आखाडा, उस्ताद (मराठीत वस्ताद), पहिलवान या शब्दांबरोबर तोही उत्तरेकडील कुस्तीच्या परिभाषेतून आला असावा. जोडीच्या शब्दांचा कल पाहता दुसरा पर्याय अधिक संभाव्य वाटतो. उठाबशा हा शब्द पुढे गणपतीपुढे कान धरून केलेल्या नमस्काराला आणि शाळेतल्या शिक्षेला चिकटला, व व्यायामाचा मान बैठकेकडे राहिला. तमिळनाडूत पिळ्ळैयारपुढे (गणपतीपुढे) याच रीतीने हात उलटसुलट करून कान धरून घातल्या जाणाऱ्या उठाबशांना तोप्पुक्करणम म्हणतात.

व्यायाम म्हणून बैठक किती जुनी, हे सांगणे कठीण आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात मल्लांच्या तयारीचे वर्णन येते, आणि त्यात भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, बाहुपेल्लनकश्रम व स्तंभश्रम अशी श्रमांची नावे आहेत. स्तंभश्रमाचा संबंध मल्लखांबाशी लावण्याची प्रथा आहे. बैठकेशी थेट जुळणारे नाव या पाचांत नाही. म्हणून ती त्या काळी नव्हती असे ठरत नाही, कारण जी हालचाल घराघरांत दिवसभर होत होती तिला वेगळा श्रम म्हणून नोंदवण्याचे कारण ग्रंथकाराला कदाचित वाटले नसेल. मात्र मानसोल्लासाचा हवाला देऊन बैठकेला नऊशे वर्षांची परंपरा लावणे सावधपणाचे होणार नाही.

हाडांचा पुरावा : बैठकेच्या इतिहासापेक्षा उकिडवे बसण्याचा इतिहास फार जुना आहे, आणि त्याचा पुरावा ग्रंथांत नसून घोट्याच्या सांध्यात सापडतो. टाचा टेकवून उकिडवे बसले की नडगीच्या हाडाची खालची पुढची कड टॅलस या घोट्याच्या हाडाच्या मानेला टेकते. हा स्पर्श वर्षानुवर्षे होत राहिला, तर दोन्ही हाडांवर लहान, गुळगुळीत, कूर्चेने मढलेले पृष्ठ तयार होते. आर्थर टॉमसन या शरीररचनाशास्त्रज्ञाने 1889 मध्ये निरनिराळ्या मानवसमूहांच्या व वानरांच्या हाडांची तुलना करून या पृष्ठांचा संबंध बसण्याच्या रीतीशी लावला. त्यानंतर लाहोर येथे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या हॅव्हलॉक चार्ल्स यांनी 1893 च्या सुमारास पंजाबी लोकांच्या पायांच्या हाडांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना ही पृष्ठे प्रौढांत तर मिळालीच, पण जन्मापूर्वीच्या अर्भकांतही मिळाली, आणि त्यावरून पूर्वजांची सवय वारशाने हाडांत उतरते असा तर्क त्यांनी मांडला. पुढे यूरोपीय हाडांतही अशी पृष्ठे आढळल्याने (बार्नेट, 1954) वारशाचा हा तर्क मागे पडला. इंदरबीर सिंग यांनी 1959 मध्ये भारतीय हाडांवर या प्रश्नाची पुन्हा तपासणी केली. आज सामान्यतः असे मानले जाते की पृष्ठ घडण्याची शक्यता जन्मतःच असते. सवय असेल तर ते टिकते व वाढते, सवय सुटली तर मावळते. हा तपशील येथे विस्ताराने देण्याचे कारण असे की बैठक जमण्याचा किंवा न जमण्याचा प्रश्न पुष्कळदा बळाचा नसून घोट्याचा असतो, आणि घोटा वापराप्रमाणे घडतो.

टांझानियातील हाड्झा या शिकारी-संग्राहक समाजाच्या 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ही माणसे दिवसाचे सुमारे 10 तास विश्रांतीच्या स्थितीत असतात, म्हणजे शहरी माणसाहून काही कमी बसत नाहीत, असे दिसून आले. फरक इतकाच की त्यांच्या विश्रांतीचा बराच भाग उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसण्यात जातो व त्या वेळी पायांचे स्नायू खुर्चीवरल्यासारखे पूर्ण सैल पडत नाहीत.

कृती : तालमीतील बैठकेत पाय खांद्यांइतके किंवा त्याहून कमी अंतरावर ठेवतात. खाली जाताना टाचा उचलल्या जातात, भार चवड्यांवर येतो, गुडघे बोटांच्या पुढे जातात, हात मागून खाली येऊन उठताना पुढे झुलतात आणि धड जवळजवळ उभेच राहते. काही तालमींत उठताना किंचित पुढे व बसताना मागे अशी आखूड उडी घेतात. या प्रकारात लय महत्त्वाची. श्वास, हाताचा झोका आणि उठणे एका तालात आले की शंभराच्या पुढेही दम टिकतो. दुसऱ्या प्रकारात टाचा जमिनीवर टेकलेल्या राहतात, खुबे मागे जातात, धड थोडे पुढे कलते, आणि श्रम मांडीच्या पुढच्या स्नायूंबरोबर नितंब व पाठ यांच्यातही वाटला जातो. पहिल्यात गुडघ्यावरचा ताण जास्त, दुसऱ्यात घोट्याची लवचीकता जास्त लागते. कुस्तीच्या तयारीत टाच उचललेली बैठक योग्यच आहे, कारण मल्लाला चवड्यांवर चपळ राहायचे असते. पण घरातील कामे, वजन उचलणे आणि भारतीय पद्धतीचे शौचालय यांसाठी जी स्थिती लागते ती टाच टेकलेली आहे, म्हणून व्यायामाचा हेतू रोजचे जगणे हा असेल तर दुसरा प्रकार पसंत करावा.

बैठकांची संख्या हा आखाड्यातील अभिमानाचा विषय राहिला आहे. गामा या नावाने प्रसिद्ध असलेले मल्ल गुलाम मुहम्मद रोज 5000 बैठका व 3000 जोर मारीत असे सांगितले जाते. हे आकडे परंपरेने आलेले असून मोजदाद म्हणून घेण्याजोगे नाहीत. सवय नसताना एका दिवसात काही शे बैठका घातल्यास मांडीच्या स्नायूंचे तंतू तुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात, लघवी गडद तांबूस होते व मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. शिक्षा म्हणून किंवा पैजेखातर घातलेल्या उठाबशांनंतर असे रुग्ण आढळले आहेत. शाळेत अशी शिक्षा देण्यास 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने (कलम 17) मनाई आहे.

दैनंदिन जीवनातील उपयोग : जमिनीवरून उठणे ही साधी दिसणारी क्रिया मांडीचे बळ, घोट्याचा वाक आणि तोल या तिन्हींची एकाच वेळी परीक्षा घेते. साठी ओलांडलेली व्यक्ती पाटावरून उठते तेव्हा क्रिया कशी मोडत जाते ते पाहण्यासारखे असते. प्रथम तळहात गुडघ्यावर येतो. पुढे काही वर्षांनी एक हात जमिनीवर टेकतो, मग एका कुशीला वळून, गुडघा टेकवून, दाराची चौकट धरून उठणे सुरू होते. आणि एक दिवस पाटच बाजूला पडतो व त्या व्यक्तीचे ताट टेबलावर मांडले जाते. या प्रत्येक पायरीवर जे हरवते ते पूर्वीच्या पायरीचा सराव थांबल्याने अधिक वेगाने हरवते. बैठकेचा खरा उपयोग ही उतरण लांबवण्यात आहे. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर, ज्यात गॅसच 14.2 किलो असतो, हलवणे, नातवंडाला खालून उचलून घेणे, एस.टी.ची उंच पायरी चढणे, खाटेखाली गेलेली वस्तू काढणे, यांत तीच हालचाल कमीअधिक खोलीने येते. कंबर वाकवून उचलण्याऐवजी बसून उचलण्याची सवय लागली की ओझे शरीराच्या जवळ राहते व पाठीवरचा ताण कमी होतो.

याचे मोजमाप करण्याच्या पद्धती गेल्या चार दशकांत रूढ झाल्या. खुर्चीवरून दहा वेळा उठण्यास लागणारा वेळ हे पायांच्या बळाचे माप म्हणून चुका (Csuka) व मॅकार्टी या संशोधकांनी 1985 मध्ये सुचवले. रिकली व जोन्स यांच्या 1999 मधील कसोटीत हात छातीवर दुमडून 30 सेकंदांत किती वेळा उठता येते ते मोजतात. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या मापदंडानुसार 70 ते 74 वयोगटात पुरुषांना 12 हून व स्त्रियांना 10 हून कमी वेळा जमले तर पडण्याचा धोका अधिक मानतात. ब्राझीलमधील अराउजो व सहकाऱ्यांची कसोटी भारतीय सवयींना अधिक जवळची आहे. तीत जमिनीवर बसण्याचे 5 व उठण्याचे 5 असे 10 गुण असून हात, गुडघा यांचा प्रत्येक टेका 1 गुण व तोल जाणे अर्धा गुण कमी करते. 51 ते 80 वयाच्या 2002 व्यक्तींवर केलेल्या त्यांच्या पाहणीत (2012) कमी गुण मिळालेल्यांत पुढील वर्षांतील मृत्यूचे प्रमाण जास्त दिसले. अनेकदा हा निष्कर्ष बैठकांनी आयुष्य वाढते असा उलटा वाचला जातो. पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही.

सरावाने फरक पडतो का, या प्रश्नाला अधिक थेट उत्तर नेदरलँड्समधील द व्रीड व सहकाऱ्यांच्या 2005 मधील प्रयोगातून मिळते. 70 वर्षांवरील 98 निरोगी स्त्रियांपैकी एका गटाने 12 आठवडे वजने व पट्टे यांचा व्यायाम केला, दुसऱ्याने उठणे-बसणे, वाहून नेणे, चढणे अशा कामांचाच सराव केला. स्नायूंचे बळ पहिल्या गटात अधिक वाढले, पण रोजची कामे करण्याची क्षमता दुसऱ्यात अधिक सुधारली व सराव थांबल्यावर सहा महिन्यांनीही बऱ्याच अंशी टिकून राहिली. शरीर ज्याचा सराव करते त्यातच तरबेज होते, हा तालमीतील जाणत्यांना ठाऊक असलेला नियम येथे मोजणीने दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शनात 65 वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान 3 दिवस तोल व बळ यांवर भर देणारा विविधांगी व्यायाम सुचवला आहे.

गुडघ्याचा वाद : खोल बैठकेने गुडघ्याचे बंध सैल होतात, असे टेक्सस विद्यापीठातील कार्ल क्लाइन यांनी 1961 मध्ये मांडले आणि त्यानंतर ‘अर्ध्यावरच थांबा’ हा सल्ला जगभर पसरला. नंतरच्या तपासण्यांत त्यांचा निष्कर्ष टिकला नाही; निरोगी गुडघ्याला हळूहळू वाढवलेली खोल बैठक अपायकारक असल्याचे दिसत नाही. पण याचा अर्थ उकिडवे बसणे सर्वस्वी निर्धोक असा घेऊ नये. बीजिंगमधील वृद्धांच्या 2004 मधील अभ्यासात तरुणपणी रोज कित्येक तास उकिडवे बसणाऱ्यांत गुडघ्याच्या संधिवाताचे प्रमाण अधिक आढळले. तासन्‌तास एका जागी दबलेला सांधा आणि मिनिटभर लयीत उघडमिट करणारा सांधा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, व बैठक दुसरीत मोडते. खुरपणी करणाऱ्या बाईला बैठकांचा उपदेश करण्यापेक्षा अधूनमधून उठून उभे राहण्याचा सल्ला देणे अधिक उपयुक्त ठरेल.

स्त्रियांच्या बैठकांविषयी तालमींच्या परंपरेत फारच थोडे सापडते. मंगळागौरीच्या खेळांतील बसफुगडी, जीत उकिडवे बसून पाय आळीपाळीने पुढे टाकत फिरतात, आणि उकिडव्या उड्यांचा कोंबडा हे बैठकेहून कठीण प्रकार आहेत. मात्र त्यांची गणना खेळांत झाली, व्यायामात नाही.

उतारवयात सुरुवात करताना उंच पलंगाच्या कडेवरून उठणे, मग खुर्ची, मग स्टूल, शेवटी पाट असा क्रम ठेवतात. खिडकीचा गज किंवा जड खाट हाताशी असावी; टेका घेतल्याने बैठक वाया जात नाही. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी खोल बैठक शल्यचिकित्सकाच्या संमतीशिवाय करू नये, कारण कृत्रिम सांध्याची वाकण्याची मर्यादा त्याच्या घडणीप्रमाणे वेगळी असते.