स्टार्च-नॅनोसंमिश्र

मका, बटाटा, कसावा इत्यादींच्या स्टार्चपासून केलेल्या जैवविघटनशील प्लॅस्टिकमध्ये अतिसूक्ष्म कण मिसळून तयार केलेला बळकट पदार्थ. कणाची निदान एक मिती सुमारे १०० नॅनोमीटरपेक्षा कमी असते.

नुसता स्टार्च तापवला, तर वितळण्याआधीच करपतो. म्हणून त्यात पाणी व मऊपणा आणणारे ग्लिसरॉल घालून तो उष्णता व दाबाखाली मळतात. अशा ऊष्मामृदू स्टार्चची पिशवी दमट हवेत मऊ पडते आणि काही आठवड्यांत स्टार्चचे रेणू पुन्हा रचले जाऊन ठिसूळ होते. भाकरी शिळी झाली की कडक होते, त्यामागेही स्टार्चच्या रेणूंची हीच पुनर्रचना असते.

हे दोष कमी करण्यासाठी अतिसूक्ष्म कण मिसळण्याच्या कल्पनेचा उगम बहुधा जपानमधील टोयोटाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात केलेल्या नायलॉन-मृत्तिका (चिकणमाती) संमिश्रात दाखवला जातो. मृत्तिकायुक्त स्टार्चपुरते ते ठीक आहे. सेल्युलोजाच्या कणांची परंपरा मात्र वेगळी मानणे अधिक योग्य वाटते. फाव्हिए, शांझी व काव्हाये या संशोधकांनी १९९५ मध्ये ट्युनिकेट या समुद्री प्राण्यांच्या आवरणातील सेल्युलोजाचे सुईसारखे स्फटिक लॅटेक्समध्ये मिसळले. हे स्फटिक एकमेकांना बिलगून जाळे तयार करतात व त्यामुळे ताठरपणा येतो, असे त्यांनी मांडले. स्टार्चमध्ये हा परिणाम पुढे अपेक्षेपेक्षा कमी आढळला. ग्लिसरॉल स्फटिकांच्या पृष्ठभागाशी गोळा होऊन त्यांची परस्परांवरील पकड सैल करते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

मृत्तिकेतही अडचण ग्लिसरॉलचीच आहे. माँटमोरिलोनाइट या मृत्तिका-खनिजाचे थर सुमारे १ नॅनोमीटर जाडीचे असतात. ते सुटे होऊन पसरले, तर बाष्पाला वळसे घेत जावे लागते आणि ताणबलही वाढते; त्यासाठी बहुधा ५ टक्क्यांपर्यंतची मात्रा पुरते. जास्त घातल्यास थरांचे गठ्ठे तसेच राहतात. स्टार्च जलस्नेही असल्याने त्यात साधी सोडियम मृत्तिका ही नायलॉनसाठी वापरतात तशा कार्बनी संस्कारित मृत्तिकेपेक्षा सहसा चांगली मिसळते. क्ष-किरण विवर्तनात (क्ष-किरणांनी थरांतील अंतर मोजण्याच्या पद्धतीत) ते अंतर सुमारे १.८ नॅनोमीटर दिसले, की स्टार्च थरांत शिरला, असा निष्कर्ष अनेक निबंधांत काढलेला आढळतो. पण नुसत्या ग्लिसरॉलनेही हे अंतर १.७७ नॅनोमीटरच्या आसपास जाते; मृत्तिका-खनिजशास्त्रात माँटमोरिलोनाइटच्या गटाची खनिजे ओळखण्याची ती जुनी खूणच आहे. तेव्हा एवढ्यावरून स्टार्चचा प्रवेश सिद्ध होत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रे सोबत असलेले अहवाल अधिक विश्वसनीय मानावेत.

स्टार्चचे आम्लाने विघटन करून मिळणारे नॅनोस्फटिक, झिंक ऑक्साइड व टिटॅनियम डाय-ऑक्साइड हेही पूरक म्हणून वापरतात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कापसापासून नॅनोसेल्युलोज बनवण्यावर काम झाले आहे.

सेल्युलोज व स्टार्चचे कण पिशवीबरोबर कुजतात. मृत्तिका कुजत नाही, मातीत मिसळते.