विलगीकरण-वेतनसाहाय्य

साथीच्या काळात बाधित झाल्यामुळे किंवा बाधिताच्या संपर्कात आल्यामुळे घरी थांबावे लागलेल्या कामगाराची बुडालेली मजुरी शासनाने पूर्णतः वा अंशतः भरून देण्याच्या व्यवस्थेस विलगीकरण-वेतनसाहाय्य म्हणता येईल. बाधिताला वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण आणि संपर्कातील निरोगी व्यक्तीला वेगळे ठेवणे म्हणजे अलगीकरण. साहाय्याच्या दृष्टीने हा भेद कळीचा आहे, कारण बाधिताला आजारपणाचे लाभ लागू होऊ शकतात. धडधाकट असूनही केवळ इतरांच्या रक्षणासाठी घरी बसलेला मात्र आजारी ठरत नाही.

जर्मनीच्या संसर्ग-संरक्षण कायद्यातील कलम ५६ नुसार, प्रशासनाच्या आदेशाने अलग राहावे लागलेल्या कामगाराला पहिले सहा आठवडे बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई मिळते. मालक ती आधी देतो आणि शासनाकडून वसूल करतो. इंग्लंडमध्ये कोविड-१९ च्या साथीत २८ सप्टेंबर २०२० रोजी विलगीकरण कायद्याने सक्तीचे झाले, आणि त्याच दिवशी घरून काम करणे शक्य नसलेल्या अल्प उत्पन्न कामगारांसाठी ५०० पौंडांचे साहाय्य सुरू झाले.

भारतात अलग राहण्याच्या सक्तीला साथरोग अधिनियम, १८९७ व आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ यांचा आधार होता. अलग राहण्यासाठी खास देशव्यापी रोख भत्ता मात्र सुरू झाला नाही. रजेवर गेलेल्या कामगारास कामावर असल्याचे मानावे व त्याचे वेतन कापू नये, असे केंद्रीय श्रम मंत्रालयाने २० मार्च २०२० रोजी सुचवले. पण ती सूचनाच होती. टाळेबंदीच्या काळाचे पूर्ण वेतन देण्याचा गृह मंत्रालयाचा २९ मार्चचा आदेश बंधनकारक स्वरूपाचा होता, तोही १८ मेपासून मागे घेण्यात आला.

ठाण्याची वागळे इस्टेट आणि दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतचा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा येथील कायम कामगारांना कर्मचारी राज्य विमा योजनेचा आधार होता. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारकास बाधित झाल्यास वर्षातून ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळण्याची तरतूद होती. भविष्यनिर्वाह निधीतून तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता, किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांपैकी कमी असलेली रक्कम काढण्याची मुभाही मिळाली. परंतु ती कामगाराचीच साठवण असल्याने तिला साहाय्य म्हणणे योग्य नव्हे.

याच पट्ट्यातील रोजंदारीवरच्या कामगाराचा हिशेब हजेरीपटावर चालतो. गैरहजेरीचा दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याला पैसे नाहीत. चौदा दिवस घरी थांबणे म्हणजे जवळजवळ अर्ध्या महिन्याची कमाई जाणे. तेही बहुधा दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे नळ आणि शौचालय साऱ्या चाळीचे असल्यामुळे अलग राहणे मुळातच अवघड. अशा घरातील माणसाने अंगातली कणकण लपवून कामाची पाळी गाठली, तर त्याला बेजबाबदार ठरवणे अन्यायाचे आहे. महापालिकांच्या अलगीकरण केंद्रांत राहण्या-जेवणाची सोय होत असे. बुडालेल्या मजुरीवर घरची चूल कशी पेटणार, याचे उत्तर तेथेही नव्हते.

एप्रिल २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी राज्य शासनाने नोंदणीकृत बांधकाम व घरेलू कामगार, अधिकृत फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. हे साहाय्य विलगीकरणाशी नव्हे, तर नोंदणीशी जोडलेले होते. त्यामुळे दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर चालवणारा, नोंदणी नसलेल्या धुणीभांडी करणाऱ्या मावशी आणि नाक्यावरचा बिगारी हे सारे त्याच्या कक्षेबाहेर राहिले. बांधकाम कामगार म्हणून नोंदणी होण्यासाठी मागील वर्षात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज सकाळी नव्या मुकादमाबरोबर जाणाऱ्या नाका कामगाराला तो सही करून देणारे माणूस सहसा सापडत नाही.