हलकी लिफ्ट वर पळते

सोसायटीच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, लिफ्ट कोसळायला लागली तर खाली टेकायच्या क्षणी उडी मारा म्हणे. हिशोब करून बघा. 15 मीटरवरून, म्हणजे साधारण पाचव्या मजल्यावरून लिफ्ट खरंच मोकळी पडली तर खाली पोचताना वेग ताशी 60 किलोमीटरच्या वर असतो. आपली उडी फार तर ताशी 10 ची. म्हणजे 60 चे 50 होणार. आणि मोकळं पडताना पाय जमिनीवर दाबलेलेच नसतात, मग रेटा देणार कशावर?

तसंही दोर तुटायची भीती फार जुनी आणि तिच्यावर इलाजही जुना. 1854 साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लिफ्टचा सुरक्षा-ब्रेक बनवणाऱ्या एलिशा ओटिसने उंचावर प्लॅटफॉर्मवर उभं राहून लोकांसमोर दोर कापायला लावला आणि प्लॅटफॉर्म जागीच अडकला. आजच्या दोरांच्या लिफ्टला एकापेक्षा जास्त दोर असतात, शिवाय गव्हर्नर नावाची वेगळी चकती असते. लिफ्ट ठरल्यापेक्षा जोरात खाली निघाली की गव्हर्नर अडकतो, त्याचा दोर खेचला जातो आणि लिफ्टखालच्या पाचरी रुळांना करकचून धरतात. याला वीज लागत नाही.

खरी गंमत काऊंटरवेटमध्ये आहे. दोराच्या एका टोकाला लिफ्ट आणि दुसऱ्याला लोखंडी वजन, तागडीच म्हणा. हे वजन ठेवतात रिकाम्या लिफ्टइतकं अधिक साधारण निम्म्या प्रवाशांइतकं, म्हणजे मोटरला फक्त फरक ओढावा लागतो. समजा रिकामी लिफ्ट 800 किलोची आणि क्षमता 8 माणसं, म्हणजे आपल्याकडच्या 68 किलोच्या हिशोबाने 544 किलो. काऊंटरवेट झालं 800 अधिक 272, म्हणजे 1072. आता आत एकटाच माणूस, तर लिफ्टची बाजू 868 आणि पलीकडे 1072. ब्रेक सटकला तर लिफ्ट कुठे जाईल? वर! आणि जुन्या लिफ्टमधल्या त्या पाचरी बहुतेक वेळा खाली जातानाच पकडतात, त्यामुळे वरच्या दिशेला सगळी मदार ब्रेकवर. हा ब्रेक स्प्रिंगने कायम दाबलेला असतो आणि वीज त्याला उघडते, म्हणून लाईट गेली की लिफ्ट थांबते. पण ब्रेकचं लायनिंग, म्हणजे घासून पकडणारा थर, झिजलं किंवा त्यावर तेल गेलं तर स्प्रिंग काय करणार. मशीनरूमला लिंबू-मिरची बांधा, दसऱ्याला हार घाला (फिरत्या चाकापासून लांब), पण एएमसीवाला (वर्षाच्या देखभाल कराराचा मेकॅनिक) आला की लायनिंग किती उरलंय ते त्याला विचारा.

धोक्याची दुसरी जागा दरवाजा. लॉक लागल्याशिवाय लिफ्ट हलू नये म्हणून तिथे कॉन्टॅक्ट, म्हणजे विजेचा स्विच असतो, आणि लिफ्ट सारखी बंद पडते म्हणून कोणीतरी तो वायर जोडून शॉर्ट करून ठेवतो, म्हणजे दार उघडं असलं तरी लिफ्ट हलते! असल्या जुगाडाला कधीच हो म्हणू नका. महाराष्ट्रात लिफ्टचा कायदा 1939 पासून आहे, 2017 मध्ये नवा आला, त्यात एस्कलेटरही धरलेत. लायसन्स आणि विद्युत निरीक्षकाची तपासणी ही मालकाच्या, म्हणजे सोसायटीच्या गळ्यात, मेकॅनिकच्या नाही.

आता व्हीलचेअरचं. बांधकाम नियमावल्यांमध्ये अशा लिफ्टसाठी आतली मापं 1100 बाय 2000 मिलिमीटर, दरवाजा 900, दार किमान 5 सेकंद उघडं आणि बंद होताना वेग सेकंदाला 0.25 मीटरच्या आत, असं दिलेलं असतं. दाराचा वेग कशाला मोजायचा असं वाटेल, पण धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, वेग दुप्पट तर दणका चौपट, आणि कुबड्या घेऊन चालणाऱ्याला तेवढा पुरतो. मागच्या भिंतीवरचा आरसा नुसता भांग पाडायला नसतो, लहान लिफ्टमध्ये व्हीलचेअर वळत नाही, उलटं बाहेर पडताना मागे कोण आहे ते त्यात दिसतं. जुनी लिफ्ट बदलायचं कोटेशन येतं तेव्हा सगळे ग्रॅनाइटचा रंग बघतात, दाराचं माप कोणी विचारत नाही. आणि लिफ्टपर्यंत पोचायला आधी चार पायऱ्या असतील तर रॅम्पचा खर्चही त्याच कोटेशनमध्ये मागवा.