काकूचा प्रश्न आणि ई-सिगारेट

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या आमच्या काकांची सकाळ पोह्यांच्या आधी बिडीने सुरू व्हायची. दम लागायला लागला तेव्हा त्यांनी ती मनापासून सोडली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पेटवली. त्यांच्या मुलाने विचारलं, ई-सिगारेट मिळवून देऊ का? काकू म्हणाली, "एक व्यसन घालवायला दुसरं कशाला रे?"

तिला नीट उत्तर द्यायला हवं. ओढ लागते ती निकोटीनची, पण जीव जातो धुराने. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी हे १९७६ मध्येच सांगितलं होतं. झुरका घेताना सिगारेटचं टोक ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं. त्या जळण्यातून ७,००० हून जास्त रसायनं निघतात आणि त्यांतली किमान ७० कर्करोगाला कारण ठरतात. शिवाय कार्बन मोनॉक्साइड, जो रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो.

ई-सिगारेटमध्ये तंबाखू जळत नाही. बॅटरीवर एक तार तापते, आणि वातीत मुरलेल्या ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, निकोटीन आणि स्वादाच्या द्रवाचं अतिसूक्ष्म थेंबांचं धुकं होतं. आपण त्याला वाफ म्हणतो. टार, म्हणजे धुरातला चिकट काळा डांबरासारखा थर, नाही; कार्बन मोनॉक्साइड जवळपास नाही. तरी ती निर्धोक नाही. वात कोरडी पडली की फॉर्मल्डिहाइड बनतं, तारेतल्या धातूचे कण छातीत जातात. आणि कधीच न ओढणाऱ्या पोराच्या हाती ती पडली तर नुकसानच, कारण निकोटीन वाढत्या मेंदूला सवय लावतं.

म्हणून मोजमाप हवं. युरोपीय संघात एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमहून जास्त निकोटीन चालत नाही, टाकी २ मिलिलिटरची, बाटलीचं झाकण मुलांना उघडता येऊ नये असं. ब्रिटनने मोठ्यांना सिगारेट सोडायला ई-सिगारेट दिली, आणि मुलं वापरू लागली म्हणून एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटवर जून २०२५ पासून बंदी घातली. आपण २०१९ च्या कायद्याने उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळंच बंद केलं. साठवण सोडून बाकीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मला ही बंदी अर्धवट वाटते. बिडी कोपऱ्यावर मिळते आणि चोरून आलेल्या द्रवात काय आहे, हे कोणी तपासत नाही. २०१९ पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत अमेरिकेत ई-सिगारेट ओढून २,८०० च्या आसपास लोक फुफ्फुसं बिघडून दवाखान्यात पोहोचले आणि ६८ दगावले. त्यामागे मुख्यतः गांजाच्या अर्काच्या बेकायदा द्रवात मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट होतं.

मात्र आपल्याकडचं चित्र वेगळं आहे, हेही मान्य करायला हवं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, तर २१.४ टक्के तंबाखू खात किंवा लावत होते. मध्य प्रदेशने २०१२ मध्ये गुटखा बंद केला, तर पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळू लागले. खैनी-गुटखा खाणाऱ्याला वाफ काय कामाची?

काकांना शेवटी २ मिलिग्रॅमचा निकोटीन च्युइंगम लागू पडला, तोही उशिरा. आधी ते तो पानासारखा चघळत, रस गिळत आणि उचक्या देत बसायचे. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावरच्या बाईंनी समजावलं: हळू चावा, जीभ चुरचुरली की थांबा, गालात दाबून ठेवा, चुरचुर गेली की परत चावा. निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून मुरायला हवं, पोटातून नाही. आता पोहे होईपर्यंत काका गालात च्युइंगम दाबून पेपर वाचतात.